गॅरेजमध्ये कधीच बंद न पडणारी गाडी

कुंडमच्या रस्त्यावर, सागाच्या जंगलातल्या एका वळणावर क्षमाची गाडी बंद पडली तेव्हा तिच्या मागे लाकडं भरलेला ट्रक होता. जानेवारीचं धुकं असं दाट की साडेनऊ वाजले तरी हेडलाइट लावूनच चालवावं लागत होतं. रस्ता उखडलेला. एक झटका बसला, डॅशबोर्डवरचे लाल-पिवळे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिनाचा आवाज गेला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. दोन्ही हातांनी ओढत क्षमानं गाडी कशीबशी डाव्या कडेच्या मातीवर घेतली. ट्रक हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला की सगळी गाडी हलली.

तिनं दहापर्यंत आकडे मोजले आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. दिवे विझले. इंजिन मांजरीसारखं गुरगुरायला लागलं.

क्षमा कुंडमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. घर जबलपूरला, अधारतालमध्ये. रोजचं जाणं-येणं या गाडीनंच. पंधरा वर्षांची गाडी, पण तिच्या हातात बसलेली. दिवाळीपासून मात्र गाडीला हे काय झालं होतं कोणालाच कळत नव्हतं. कधी नुसता झटका बसायचा, दिवे लुकलुकायचे आणि गाडी पुढे चालू लागायची. कधी सरळ बंदच. तीन मेकॅनिक झाले होते. बॅटरी बदलली, प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला. स्कॅनर लावला की मशीन म्हणायचं, सगळं ठीक आहे. आणि गॅरेजमध्ये, मेकॅनिकच्या हातात, ती एकदाही बंद पडली नव्हती.

त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी चहा घेताना तिनं ट्रकचं सांगितलं तेव्हा तिच्या नवऱ्याचा, अनुपमचा, चेहरा उतरला. तो बँकेत होता आणि त्याला गोष्टी निकालात काढायची सवय होती.

"बस झालं आता, क्षमा. रविवारी एक जण गाडी पाहायला येऊन राहिला. देऊन टाकू."

"आणि मी कुंडमला कशी जाऊ?"

"काही दिवस बसनं जा. मग दुसरी घेऊ."

"तुझ्या हातात नाही ना पडत ती बंद!"

"नाहीच पडत! मागच्या रविवारी भेडाघाटला नेऊन आणली, एकदा पण नाही पडली. म्हणून तर मला वाटतं, तुझा पाय क्लचवर…" क्षमाकडे बघून त्यानं वाक्य तिथंच सोडलं.

पलीकडे त्याची आई, अनसूयाबाई, मटार सोलत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "त्या माणसाला सांगशील का, चालता-चालता बंद पडते म्हणून?"

"आई, जुनी गाडी आहे. घेणाऱ्याला समजतं सगळं."

"म्हणजे नाही सांगणार. मग ती दुसऱ्या कोणाच्या पोरीला घेऊन ट्रकसमोर उभी राहील." तिनं एक शेंग फोडली. "आज गुरुवार. रविवारपर्यंत वेळ आहे ना? मला पाहू दे."

अनुपम हसला, पण मनापासून नाही. आईला गाडी चालवता येत नव्हती. बॉनेटखाली काय असतं हेही तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण एकतीस वर्षं ती टेलिफोन खात्यात होती, आणि त्यातली बावीस वर्षं लाइनीतले बिघाड शोधणाऱ्या टेबलावर. तार पूर्ण तुटली की ती कोणीही शोधतो, असं ती म्हणायची. खरं डोकं लागतं ते येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाला. अशा बिघाडाला तिच्या खात्यात 'बेइमान' म्हणायचे.

त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ असलेली एक गोष्ट होती. घमापूरच्या एका वकिलाचा फोन रोज दुपारी चारला खरखरायचा. लाइनमननी दोनदा तार बदलली. शेवटी अनसूयाबाई स्वतः जाऊन तिथल्या ओट्यावर बसली. चार वाजता शेजारीण बकरी घेऊन आली, ती तिनं खांबाला बांधली आणि बकरीनं तारेला पाठ घासायला सुरुवात केली.

"इंजिन मला समजत नाही," मटाराचं ताट बाजूला सारत ती क्षमाला म्हणाली, "पण करंट समजतो. एक वही आण."

मग तिचे प्रश्न सुरू झाले. पहिल्यांदा कधी? किती वेळा? सकाळी की संध्याकाळी? इंजिन गरम असताना की थंड? टाकीत पेट्रोल किती? क्षमा आठवून-आठवून सांगत गेली आणि सांगता सांगता तिचाच थकवा पळाला. सात वेळा पूर्ण बंद, झटके वेगळे. कधी निघाल्यावर पाच मिनिटांत, कधी तासानं. टाकी भरलेली असतानाही आणि अर्धी असतानाही. अनसूयाबाई एकेक ओळ खोडत होती.

"ऊन-थंडीचं नाही. पेट्रोलचं नाही. अच्छा, आज धुकं होतं. गाडी मेली तेव्हा समोरचे मोठे दिवे चालू होते का?"

क्षमानं डोळे मिटले. तिला समोरचं सागाचं खोड दिसलं, त्यावर पडलेला पांढरा उजेड दिसला. "होते! झाडावर उजेड होता, आई. पक्कं."

"गाणी लावली होती?"

"हो. ती बंद झाली."

"घड्याळ?"

"घड्याळ बरोबर होतं. कॉलेजला उशीर होऊन राहिला म्हणून मी त्याच्याकडेच पाहिलं. नऊ पस्तीस."

"म्हणजे बॅटरी सुटत नाही. बॅटरीची तार सुटली असती तर मोठे दिवे पण गेले असते आणि घड्याळ बारावर येऊन बसलं असतं." अनसूयाबाईनं चष्मा वर सरकवला. तिचा आवाज चढत चालला होता. "आता ते लाल-पिवळे दिवे. एकेक करून लागले की सगळे एकदम?"

"एकदम."

"मग सांग, रोज असे सगळे एकदम कधी लागतात?"

"रोज? रोज नाही लागत…" क्षमा थांबली. "लागतात! रोज लागतात! चाबी फिरवली की, गाडी सुरू व्हायच्या आधी. दोन सेकंद."

अनसूयाबाईनं टेबलावर अशी थाप मारली की मटार उडाले. "मग ते तक्रार नाही करून राहिले, क्षमा! त्या गाडीला वाटून राहिलं की तिला आत्ताच चालू केलं!"

तीन महिने ते दिवे बघून क्षमाला वाटायचं की एकाच वेळी दहा बिघाड झालेत. बिघाड एकच होता, कुठंतरी करंट क्षणभर तुटून परत येत होता.

अनुपम दारात येऊन उभा होता. "आई, तीन मेकॅनिकना नाही समजलं ते…"

"त्यांनी चालू गाडी पाहिली, बाळा. बंद पडताना तिला फक्त तुझी बायको पाहते. आणि तिला कोणी काही विचारलंच नाही."

शुक्रवारी सकाळी अनसूयाबाई शाल गुंडाळून, वही मांडीवर घेऊन क्षमाच्या शेजारी बसली. गाणी लावली, हेडलाइट लावले, गरम हवेचा ब्लोअर लावला. शहराच्या टोकाची रांझी मागे पडली, वस्ती विरळ झाली, जंगल सुरू झालं. गाडी शहाण्या पोरीसारखी चालत होती.

"आज लाजून राहिली वाटतं," अनसूयाबाई म्हणाली.

एरवी गाडी बंद पडू नये म्हणून क्षमा देवाचं नाव घ्यायची. आज तिला वाटत होतं, पड गं बाई, एकदा पड. मागून काही येत नाही ना हे ती आरशात सारखी पाहत होती. कालच्या वळणाच्या अलीकडे उखडलेला पट्टा आला. गाडी खडखडली, झटका बसला, आणि सगळे दिवे एकदम लागले.

"आली!" अनसूयाबाई ओरडली. "आली, आली! गाणं बंद! ब्लोअर बंद! मोठे दिवे चालू! घड्याळ चालू!"

क्षमानं गाडी कडेला घेतली. अनसूयाबाई पेन्सिलनं भराभर लिहीत होती.

"पाहिलंस? जे-जे चाबीतून जातं ते सगळं क्षणभर मेलं आणि नव्यानं जागं झालं, म्हणून ते लाल-पिवळे दिवे. जे चाबीला न विचारता जातं ते सगळं जिवंत आहे. तिथंच कुठंतरी आहे हा. चाबी आणि इंजिन, यांच्यामध्ये."

कॉलेजात क्षमाचं एक प्रॅक्टिकल उरकल्यावर दोघी दुपारी परत निघाल्या त्या सरळ अंजनी भैयाच्या गॅरेजवर. अधारतालच्या मुख्य रस्त्यावर, चहाच्या टपरीला लागून त्याचं गॅरेज होतं. पंचेचाळिशीचा, शांत बोलणारा माणूस. गाडी तीनदा त्याच्याकडे येऊन गेली होती आणि बरी करता आली नाही याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं. अनसूयाबाईचं म्हणणं त्यानं नीट ऐकून घेतलं.

"अम्माजी, बात तो पते की है," तो म्हणाला. "लेकिन एक बार मेरे सामने बंद हो जाए, तो मैं मानूँ."

क्षमानं नेहमीप्रमाणे जुडग्यातून गाडीची किल्ली काढून त्याला दिली. तो गाडी घेऊन गेला. दोघी टपरीच्या बाकावर बसल्या, पण अनसूयाबाईला बसवेना. ती उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. अर्ध्या तासानं अंजनी परत आला आणि उतरता उतरताच त्यानं मान हलवली.

"हर ब्रेकर पर कुदाई, अम्माजी. कच्चे रास्ते पर भी ले गया. एक बार भी नहीं."

अनसूयाबाईचा चेहरा पडला. "असं कसं होईल? सकाळी माझ्यासमोर…" ती वही उघडून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागली. तिचा अंगठा ओळींवरून फिरत होता आणि मध्येच थांबत होता. क्षमाला तिच्याकडे बघवेना.

अंजनीच्या हातात कधी नाही. अनुपमच्या हातात कधी नाही. फक्त आपल्याच हातात. खरंच आपला पाय तर नाही? क्षमा विचार करत उभी होती. हातातला जुडगा तिनं डाव्या हातातून उजव्या हातात घेतला, कारण बोटं दुखायला लागली होती.

तिनं खाली पाहिलं.

प्रयोगशाळेच्या दोन किल्ल्या. नमुन्यांच्या चार कपाटांच्या चार. स्टोअररूमच्या जाड कुलपाची पितळी किल्ली. घराच्या फाटकाची, दाराची. आणि या सगळ्यांना धरून भेडाघाटचं संगमरवरी कासव, चांगलं मूठभर.

प्रयोगशाळेच्या किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या नाहीत, म्हणून मेकॅनिककडे ती नेहमी गाडीची एकटी किल्ली काढून द्यायची. अनुपम तर त्याची वेगळी किल्ली वापरायचा, कपाटात ठेवलेली, सुटी.

"आई," ती म्हणाली. "आई, बकरी!"

"काय?"

"बकरी सापडली!" आणि ती गाडीकडे पळाली. "भैया, चाबी दो! जल्दी!"

किल्ली जुडग्यात परत अडकवताना तिचं नख मोडलं, तिला कळलंही नाही. ती बसली. गाडी सुरू केली. इंजिन संथ चालत होतं. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून वर उचलून सगळ्यांना दाखवले, पायही मागे घेतले. मग एका बोटानं तिनं लोंबत्या जुडग्याला खालून टिचकी मारली. पुन्हा जरा जोरात. खडबडीत रस्त्यावर उडेल तसा जुडगा उडाला आणि खाली आपटला.

इंजिन मेलं. सगळे दिवे एकदम लागले.

"मेली!" क्षमा किंचाळली.

"मेली!" अनसूयाबाईनं दोन्ही हात वर केले. "अगं, मेली, मेली! पुन्हा कर!"

पुन्हा सुरू केली. पुन्हा टिचकी. पुन्हा मेली. टपरीवरची माणसं चहाचे ग्लास घेऊन गोळा झाली. एवढ्या आनंदात दोन बायका गाडी का बंद पाडून राहिल्या, हे कोणालाच समजेना. अनसूयाबाई खिडकीतून हात घालून म्हणाली, "सरक, मला करू दे," आणि तिसऱ्या वेळी तिनं स्वतः ती बंद पाडली.

अंजनी कपाळावर हात मारून घेत होता. "अरे बाप रे! ये तो गुच्छा है! मैडम, मुझे तो आप हमेशा अकेली चाबी देती थीं!"

"लैब की चाबियाँ कैसे दे देती, भैया!"

"तभी तो! तभी तो मेरे यहाँ कभी बंद नहीं हुई!" तो आता तिच्याइतकाच उत्साहात आला होता. त्यानं जुडगा काढून नुसती किल्ली लावून पाहिली, टिचक्या मारल्या. गाडी चालूच. जुडगा लावला की बंद. तिथल्या तिथे त्यानं स्क्रू-ड्रायव्हर काढला, स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं झाकण उघडलं आणि किल्लीच्या कुलपामागे बसवलेला स्विच सोडवून बाहेर आणला. सुपारीच्या डबीएवढा तुकडा. उघडला तर आतल्या पितळी पट्ट्या झिजून पातळ झालेल्या आणि एका कडेनं काळ्या पडलेल्या.

अनसूयाबाईनं तो तळहातावर घेतला आणि चष्म्याजवळ धरला. "ठिणगीनं जळाला. पंधरा वर्षं रोज हे ओझं किल्लीला लटकलं, पट्टी झिजली, सैल झाली. खड्डा आला की ओझं किल्लीला मागे ओढायचं, करंट क्षणभर तुटायचा." ती त्या काळ्या डागावरून हळूच बोट फिरवत होती. निवृत्त झाल्यापासून, आठ वर्षांत, असा जळका पत्रा तिनं हातात धरला नव्हता.

"आई," क्षमा हसत म्हणाली, "एक सांगू? हे कासव तुम्हीच दिलं होतं मला. नोकरी लागली तेव्हा."

अनसूयाबाईनं कासवाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि दोघी अशा हसायला लागल्या की अंजनीनं त्यांना बसायला स्टूल आणून दिलं. हसणं ओसरल्यावर तो क्षमाला म्हणाला, "मैडम, पंप बेकार ही बदला मैंने. मुझसे चूक हो गई. पूछना चाहिए था कि बंद कैसे होती है." क्षमानं मान हलवली. तिला आता कोणाचाच राग येत नव्हता.

नवा स्विच शनिवारी दुपारी मिळाला आणि तासाभरात बसला. क्षमानं मुद्दाम सगळा जुडगा लावून गाडी सुरू केली आणि कासवाला इतक्या टिचक्या मारल्या की बोट लाल झालं. इंजिन चालूच राहिलं. "फिर भी गुच्छा अलग ही रखना," अंजनीनं बजावलं, आणि तिनं तिथेच किल्ली वेगळ्या, साध्या दोऱ्यात ओवली.

संध्याकाळी अनुपमनं सगळी हकीकत दोनदा ऐकली, एकदा बायकोकडून आणि एकदा आईकडून. आईच्या सांगण्यात बकरी आधी आली. मग तो एकटाच खाली गेला, गाडी घेऊन फिरून आला आणि जिना चढून आल्यावर दारातच उभा राहिला.

"ते पायाचं मी बोललो…"

"बोलला होतास," क्षमा म्हणाली.

"चुकलो. तीन महिने तू रोज त्या जंगलातून अशी जाऊन राहिली होतीस, आणि मी…" क्षमानं त्याला पाण्याचा ग्लास दिला. तो पिऊन त्यानं गाडी घेणाऱ्याला स्वतः फोन लावला आणि सांगितलं की गाडी विकायची नाही, घरच्यांनी बरी केली.

सोमवारी धुकं नव्हतं. त्या वळणावर पोचताना क्षमाचे हात आपोआप स्टिअरिंगवर घट्ट झाले. उखडलेला पट्टा आला, गाडी खडखडली, गाणं चालू राहिलं. तिनं मुद्दाम वेग थोडा वाढवला, एक मोठा खड्डा चाकाखालून गेला, आणि ती एकटीच गाडीत मोठ्यानं हसली. काच खाली केली. थंड हवा तोंडावर आली. मागून येणाऱ्या ट्रकला तिनं हात दाखवून पुढे जाऊ दिलं. कॉलेजात पोचली तेव्हा तासाला अजून वीस मिनिटं होती.

त्याच आठवड्यात एका दुपारी अनसूयाबाईच्या फोनवर अंजनीचा फोन आला.

"अम्माजी, प्रणाम. एक जीप आई है. बारह दिन से खड़ी है. रुक-रुक के लाइट जाती है, हम लोगों की पकड़ में नहीं आ रही. मालिक को मैंने आपका बता दिया है. आप आ जाएँगी क्या?"

"आ रही हूँ," अनसूयाबाई म्हणाली. फोन ठेवायच्या आधीच तिचा एक पाय चपलेत होता. क्षमा आतल्या खोलीत वह्या तपासत बसली होती, ती बाहेर आली.

"कुठं चालल्या, आई?"

"गॅरेजवर. बोलावून राहिले मला." तिनं शाल खांद्यावर टाकली आणि दार उघडून उभी राहिली. "तू काहून उभी आहेस? चल ना! जीप आहे, जीप!"